पायांची वही

माझ्या वहीत नाव उशिरा येतं.
आधी डावा की उजवा,
मग गुडघ्याच्या वर की खाली,
मग वजन. ते बहुधा कमीच भरतं.
हुद्दा कुणी सांगितला तर लिहितो.
सुरुंग कुणाचा होता, ते विचारत नाही.

वडील इन्सेनचं सांगायचे.
एकोणपन्नास साल, रंगूनच्या वेशीवर
एकशे बारा दिवस,
शहरातले दिवे इतके जवळ, म्हणत,
की हात लांबवला तर विझवता यावेत.
कमरेला गोऱ्यांच्या फौजेतला जुना पट्टा,
आणि तिथलंच एक वचन,
जे कागदावर कधी उतरलंच नाही.
मग काय झालं, विचारलं की,
मग पाय काढता घेतला, एवढंच.
गाव सोडताना त्यांनी कांस्याचा ढोल पुरला,
वरती एकावर एक तीन बेडूक बसलेला.
पुढे त्याच जमिनीत
दुसऱ्यांनी दुसरं काही पुरलं.
आता ढोल शोधायला कोण जाणार?

आमच्या देशाला नाव आहे. कॉथूलेई.
कुणी म्हणतं फुलांचा मुलूख,
कुणी म्हणतं अंधार नसलेला,
आई म्हणायची, जाळून काळी केलेली जमीन,
आता पेरायला घ्यायची ती.
मी तिन्ही अर्थांमधून चाललोय.
फुलांमधून फार थोडा.

मला त्यांच्या फौजेनं ओझ्याला धरलं
तेव्हा मी एकोणीसचा.
बर्मी भाषेतले चार शब्द मला तिथे मिळाले.
उचल. चल. पुढे. गप्प.
तिसऱ्या शब्दावर माझा डावा पाय गेला.

मग मोई नदीच्या या तीरावर, छावणीत,
प्लास्टर कालवायला शिकलो.
लढायला आम्ही एका पायावर तयार,
असं म्हणून पोरं खरंच हसायची
आणि नवा पाय बांधून परत डोंगर चढायची.

लाह डोचं पान मी कुणाला दाखवत नाही.
एका गावचे आम्ही, एकाच म्हशीवरून पडलेले.
तो बुद्धाच्या पायाशी, मी येशूच्या,
आणि म्हैस दोघांची.
चौऱ्याण्णवच्या शेवटी त्यानं पिवळं फडकं बांधलं,
पलीकडच्यांना आमच्या वाटा दाखवल्या,
महिन्याभरात मानेरप्लॉ पडलं.
तीन वर्षांनी रात्री तो माझ्या दारात आला,
दोघांच्या खांद्यांवर हात टाकून.
उजवा. गुडघ्याखाली.
मी माप घेतलं. बरोबर घेतलं.
आणि पाय अर्धं बोट आखूड केला.

तो तसाच चालला, अकरा वर्षं.
तक्रार घेऊन कधी आला नाही.
मेला तेव्हा त्याच्या बायकोनं पाय परत पाठवला,
दुसऱ्या कुणाला होईल म्हणून.
टाचेखाली त्यानं टायरचा तुकडा ठोकला होता,
अर्ध्या बोटाचा, नीट घासून.

बारा साली युद्धबंदी झाली.
त्या वर्षी वहीत सुरुंग फारसे नाहीत,
मोटारसायकलवरून पडलेले दोघे आहेत.

एकविसात रंगूनहून पोरं आली,
चष्मेवाली, मऊ तळव्यांची,
ज्यांच्या शाळेच्या पुस्तकात आम्ही दरोडेखोर होतो.
झेयार लिन त्यातला. डावा. गुडघ्याखाली. बावन्न किलो.
प्रशिक्षणाचा तिसरा आठवडा.
माझे चार शब्द त्याच्या कामाचे नव्हते,
नर्स नॉ म्यू पॉ मधे बसली.
मी माप तीनदा घेतलं.
त्याला वाटलं, म्हातारा विसरतो.

घर कुठं, मी विचारलं.
इन्सेन, तो म्हणाला. नॉ म्यू पॉला सांगावं लागलं नाही.

प्लास्टर हातावर वाळत होतं.
तिला म्हटलं, विचार त्याला,
तिथले दिवे लांबून दिसतात का अजून?
त्यानं थोडा विचार केला.
वीज असली तर, म्हणाला.