क्लाक्सविकची रोजकीर्द

मार्युनच्या पडद्यावर तीन बेटं आहेत :
माल, लिलाव, पैसे.
जावात लिहिलेली तीन मॉड्यूल,
प्रत्येकाभोवती समुद्र.
जे किनाऱ्यावर मांडलं तेवढंच शेजाऱ्याला दिसतं,
बाकीचं घरात, दाराआड.
तिला हे आवडतं. ती मूळची फुग्लोय बेटाची,
जिथे चार दिवस बोट लागली नाही
तरी कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही.

मंगळवारी पहाटे घोटाळा झाला.
'तेर्नन' बोटीचे तीनशे चाळीस किलो कॉड
मालातून वजा झाले, लिलावात विकले गेले,
आणि पैशांच्या बेटाला पत्ताच नाही.
मध्येच वीज गेली होती. सात सेकंद.

हानुस आला. ओला कोट काढला नाही.
आवाजही चढवला नाही.
"मी मासा दिला, हे तुझ्या यंत्राला आठवतं," म्हणाला,
"मला काय मिळालं, तेवढंच कसं विसरतं?"

ती कॉन्फिगरेशनची फाइल उघडून बसली.
कोणते तक्ते, कोणते वर्ग, कोणती जोडणी,
ओळीखाली ओळ, निमूट.
आणि तिथे, कुणीतरी कधीतरी घाईत टाकलेला
एकच शब्द : व्यवहार 'स्थानिक'.
म्हणजे ज्याचं त्याने उरकायचं.
मालाने आपली वही मिटली, लिलावाने आपली,
पैशांनी वही उघडायच्या आत अंधार.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.

दुपारी देम्मुस कॉफीला आला.
एकतीस वर्षं याच लिलावघरात कारकून होता,
अजून सवयीने खिसा चाचपतो, पेन्सिलीसाठी.
"आम्ही दोनदा विचारायचो," तो म्हणाला.
"आधी पेन्सिलीने. विकणाऱ्याला : तयार?
घेणाऱ्याला : तयार? बँकेच्या माणसाला : तयार?
तिघांनी मान डोलावली की मग शाई.
एकाने जरी डोकं खाजवलं,
तर तिन्ही वह्यांतून खोडायचं, मागमूस न ठेवता.
खरं सांगू, पगार मला खोडरबराचा मिळायचा."

"आणि तिघांनी मान डोलावल्यावर, शाईच्या आधी,
तूच उठून गेलास तर?"

देम्मुसने कप खाली ठेवला.
"गेलो होतो एकदा. बायकोला कळा सुरू झाल्या.
पेन्सिल वहीतच राहिली.
संध्याकाळी परतलो, तर तिघे तिथेच उभे.
विकणारा दुसऱ्याला विकू शकत नव्हता,
घेणारा उचलू शकत नव्हता. शब्द दिलेला ना."
"मग?"
"मासा नासला," देम्मुस म्हणाला.
"हिशेब नाही नासला."
मग थोडं थांबून : "मुलगी झाली. पावणेचार किलो."

रात्री तिने तो शब्द बदलला.
तिन्ही बेटांवर एकच पंच नेमला,
तो आधी विचारेल, मग सांगेल,
आणि सांगण्याआधी स्वतःच्या वहीत टिपून ठेवेल,
म्हणजे मध्येच कोसळला तरी
उठल्यावर कळेल, कुठे उभा होता.
कुलपं किती वेळ धरायची, तेही लिहिलं :
तीस सेकंद. देम्मुसला सबंध दिवस लागला होता.

मग खोटी विक्री सुरू करून
ऐन मध्यावर तिने स्वतःच्या हाताने प्लग उपसला.
पंखे थांबले. खिडकीबाहेर वारा तेवढा चालू.
पुन्हा जोडला. वाट पाहिली.
माल : जसा होता तसा. लिलाव : कोरा. पैसे : कोरे.
जणू कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

पण मंगळवारचे कॉड खरे होते,
एव्हाना दूर कुठेतरी बटाट्यांसोबत खाऊन झाले असतील.
ते मागे घेणारा रोलबॅक नाही.
ती नोंद तिने हाताने केली, पंचाला न विचारता :
हानुस, 'तेर्नन', तीनशे चाळीस किलो, जमा.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं, बराच वेळ सुचेना.
शेवटी लिहिलं : उशीर.
आणि खाली स्वतःचं नाव.