इंडियन, नाच, एक

खोक्यावर मोडीत लिहिलंय : इंडियन, नाच, एक.
संस्थानी कारकुनाची शाई, आता तपकिरी,
शेवटच्या अक्षराला घाई; कचेरी सुटायची वेळ असावी.

इंडियन म्हणजे आपलेच, असं धरून
त्यानं ही काच ठेवली नायक, धाणका, राठवा यांच्या रांगेत
आणि नव्वद वर्षं कुणी विचारलं नाही
की छोटाउदेपूरकडे इतकं सपाट गवत आहे कुठे.

मी कंत्राटावर. दिवसाला चाळीस काचा.
कमाटीबागेच्या मागे, तळघरात,
जिथे पुराच्या साली मगर शिरली होती
(आवक रजिस्टरात तिचीही नोंद आहे, जावक नाही).

दिव्यासमोर धरली. कडेला बारीक इंग्रजी छापील अक्षरं :
शायान. सूर्यनृत्य.
मधोमध दुबेळक्याचा खांब, बेचक्यात फांद्यांची मोळी,
खाली रेड्याहून मोठ्या कुठल्या जनावराची कवटी,
आणि पांढरी माती फासलेले पुरुष,
तोंडात हाडाच्या शिट्ट्या.
एक बाई पाठमोरी. शाल डोक्यावरून.
पुढे गवतावर तीन पायांची एक सावली,
पहिल्या नाचणाऱ्याच्या अंगठ्याला टेकलेली.

नगीनभाई राठवा, शिपाई, निवृत्तीला आठ महिने,
चहा ठेवता ठेवता वाकून बघतात.
"हे थांबलेत."
फोटोत सगळेच थांबतात, मी म्हणते.
"नाही बेन. हे आधीच थांबलेत."

मग सांगतात, कप पुसत,
जसं दुसऱ्याच कुणाच्या घरचं :
आजोबा बडवो होते. भिंतीवर पिठोरो लिहून झाला,
चादर बाजूला झाली, रात्रभर ढोल,
पहाटे देव अंगात आला, बोलला, गेला.
दहा वाजता साहेब आले पेटी घेऊन.
म्हणाले, रात्री उजेड नव्हता,
पुन्हा अंगात आणा.
आणि हलू नका.

"मग?"
"मग काय. आजोबा उभे राहिले डोळे मिटून.
बापा सांगायचे,
देव तेवढा वेळ महुड्याखाली बसून हसत होता."

मी पुन्हा काच उचलते.
त्या पाठमोऱ्या बाईची शाल बघते.
ती कुणाकडे बघत असेल,
चौकटीबाहेर, गवतात, कोण बसलं होतं?

गुप्तेसाहेबांना फोन केला. म्हणाले, परदेश विभागात टाका,
नाव काय लिहिणार, अज्ञात लिहा, सगळे अज्ञात.
वर्णनाच्या रकान्यात मी लिहिते : पुरुष अकरा.
खोडते. लिहिते : स्त्री एक, चेहरा दिलेला नाही.
सावलीला रकाना नाही.

पुढची काच. चारशे बारा.
राठवा, बडवो, एक.
डोळे मिटलेला म्हातारा, मागे घोडेच घोडे,
सुरकुतीन् सुरकुती स्पष्ट,
जराही हललेला नाही.

हाक मारणार होते.
नगीनभाई तोवर जिना चढून गेले होते,
दोन बोटांत दोन कप अडकवून,
उगाच किणकिणवत.