कढईतले खडे

मर्गिलानमध्ये पहिले काही महिने
मी बाई नव्हते.
पुरुषही नव्हते म्हणा. मी मेहमान होते,
रेशमाच्या गिरणीत रंग तपासायला आलेली,
म्हणून दारापासून सर्वांत लांबची गादी माझी,
रहमोनकुल-आकांच्या शेजारची,
जिथून अंगण दिसतं, चूल दिसत नाही.

झुल्हुमोर चहा ओतायची. अर्धा पेला, त्याहूनही कमी.
मला वाटलं, टंचाई असेल.
मग आकांनी समजावलं: जितका कमी तितका मान,
पुन्हापुन्हा ओतायला मिळावा म्हणून.
काठोकाठ भरलेला पेला म्हणजे, ऊठ आता.
मी हे वहीत लिहून घेतलं.
दर दोन घोटांना ती उठत होती,
ते लिहिलं नाही.

पहाटे खराट्याचा आवाज.
पाणी शिंपडून ती पार गल्लीपर्यंत झाडायची;
सून उशिरा उठली, हे आधी धुळीला कळतं, मग शेजारणींना.
त्यानंतर छातीवर हात, वाकून
सासूला सलाम, सासऱ्याला सलाम,
मलाही.
एकदा मीही उलट वाकले.
होसियत-ओपा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.
झुल्हुमोर हसली नाही.

भिंतीवर खिळ्याला एक नान, एका कडेने चावलेली.
अबरोर नोवोसिबिर्स्कला निघाला तेव्हाचा तो चावा.
बाकीची तो परत येऊन संपवणार.
चौदा महिन्यांत ती इतकी वाळली होती
की टिचकी मारली तर ताटासारखी वाजे.
(मारली होती मी. घरात कुणी नसताना.)

आठ मार्चला गिरणीच्या साहेबांनी आम्हा प्रत्येकीला
एक ट्युलिप आणि सहा पेल्यांचा खोका दिला,
बायकांना फुलं म्हणत लांबलचक भाषण केलं.
घरी आकांनी स्वतः पलाव रांधला,
गाजराची काडी न् काडी सारखी. अप्रतिम.
कढई कोणी घासली ते सांगत नाही.

आणि नवरोजच्या आदल्या रात्री
आका लाकडं रचून चायखान्यात निघून गेले.
गल्लीतल्या बायका आल्या. मी विचारलं, कुठे बसू?
ओपांनी हातात वल्ह्याएवढा उलथना दिला:
बसायचं नाही.

गव्हाच्या कोंबांचा रस, पीठ, तेल,
तळाला लागू नये म्हणून धुतलेले खडे.
ढवळत राहायचं, उजाडेपर्यंत.
खडे तळाशी कुरकुरत होते आणि वर बायका बोलत होत्या,
दस्तरखानावर जे कधी वाढलं गेलं नव्हतं ते सगळं:
कुणाचं गर्भाशय, कुणाच्या जावेचा नवा फ्रिज,
कुणाचा नवरा तिकडे दुसरं घर करून बसलेला.
ओपांनी आकांच्या घोरण्याची नक्कल केली.
तेव्हा झुल्हुमोर हसली. घोगरं, मोठ्याने,
हे हसू तिचंच, हे कळायला मला क्षण लागला.
तीनच्या सुमारास माझ्या हातातला उलथना घेत म्हणाली,
"जो जातो त्यालाच नान चावायला देतात."
एवढंच. मग ढवळू लागली.

सकाळी सुमलक तपकिरी, दाट,
साखरेचा कणही न घालता गोड.
आमच्याकडे वर्ष कडुनिंबाच्या पानाने सुरू होतं,
मी सांगितलं. सगळ्याजणींनी तोंडं वाकडी केली.
माझ्या वाटीत खडा आला. मागणं माग, म्हणाल्या.
मला सुचेना. अजून पाकिटात आहे तो.

जूनमध्ये मी निघाले.
ओपा टॅक्सीवाल्याशी भाडं घासत बाहेर,
झुल्हुमोरने ताजी नान माझ्यापुढे धरली.
मी चावले.
तिने दाराकडे पाहिलं
आणि दुसऱ्या कडेने स्वतः एक घास तोडला,
चावून, गिळून, ओठ पुसून
ती नान अबरोरच्या शेजारी टांगली.

ओपांना वाटलं असेल,
पाहुणी फारच भुकेली होती.