चौदा ऑगस्ट कुणाचा

डेल्फीन सॅमसन खुर्चीच्या कडेवर बसलीय,
हातांना अजून खेकड्यांच्या उकळीचा वास.
जेवणाच्या सुट्टीत आलीय, गमबूटही तसेच.
मी तिच्यापुढे कागद सरकवते.
एकोणीस वर्षं हाच कागद टाइप करतेय मी
ग्लेस बेच्या या ऑफिसात, खाली न्हाव्याचं दुकान,
आणि तरी
आकड्यांवर बोट ठेवून वाचणाऱ्या माणसापुढे
माझा आवाज उगाच बारीक होतो.

घराची किंमत तिला पाठ आहे, एक लाख अडतीस हजार.
पाठ नाही ते किमतीच्या खाली आहे.

खरेदीखताचा कर, शेकडा दीड. दोन हजार सत्तर.
वकीलबाईंची फी साडेअकराशे.
"एवढं काय केलं त्यांनी?"
मी फाइल उघडून दाखवते:
एकोणीसशे सातपासूनचे सगळे मालक,
आधी कोळशाची कंपनी, मग कंपनीचा एक फोरमन,
मग एक विधवा, जिने सही म्हणून फुली मारली,
आणि शेजारच्या नळाची वाट, तुझ्या परसातून, कायमची.
एवढे मेलेले लोक वाचले त्यांनी, डेल्फीन,
एकाचाही तुझ्यावर हक्क उरू नये म्हणून.
"आणि हा विमा, तीनशे दहा?"
वाचूनही एखादा सुटला असेल, त्याचा.

नोंदणीचे दोनशे. कुरियर आणि प्रती, सेहेचाळीस.
ती मनात बेरीज करते, ओठ हलतात,
हातचा एक बोटाच्या पेरावर धरून ठेवते.
तीन हजार सातशे शहात्तर.
तिने चार हजार बाजूला काढलेत.
पहिल्यांदाच पाठ टेकते.

पान उलटायचं असतं, हे मी सांगायला हवं होतं.

मागे: घरपट्टी म्हाताऱ्याने सप्टेंबरअखेर भरलीय,
म्हणून अठ्ठेचाळीस दिवस तुझे, सहा डॉलर रोजचे.
"चौदा ऑगस्ट धरलाय यात?
किल्ली तर चार वाजता मिळणार."
व्यवहाराचा दिवस घेणाऱ्याचा, मी म्हणते.
"म्हणजे सकाळी तो माझ्या दिवसात राहणार,
चहा पिणार."
हो.

आणि शेवटची ओळ:
टाकीतलं तेल, नऊशे लिटर, चौदाशे अठ्ठावन्न.

ती बराच वेळ बोलत नाही.
"काढून न्यायला सांगा त्याला," म्हणते मग.

मी लॉक्लन मॅकिसॅकला फोन लावते.
त्याला कमी ऐकू येतं, मला ओरडावं लागतं,
खाली न्हाव्यानेही ऐकलं असणार.
"काठोकाठ भरलीय!" तो खुशीत सांगतो,
"थंड घर देईन होय मी कुणाला?"
आणि बिल?
"बिल तिचंच की."

चौदाच्या सकाळी ती बँकेचा ड्राफ्ट घेऊन आली,
पैन् पै.
कुठून जमवले ते मी विचारलं नाही.
त्या आठवड्यात तिच्या भावाची स्नोमोबील
रस्त्याकडेला उभी होती, काचेवर पुठ्ठ्याची पाटी.

नोव्हेंबरच्या शेवटी नोंदलेलं खत द्यायला मीच गेले.
समुद्रावरून आडवा बर्फ येत होता.
तिने दार उघडलं ते बाह्या दुमडून,
आणि मला सरळ आत ओढलं,
स्वयंपाकघरातल्या जाळीपाशी उभं केलं,
जिथून खालची भट्टी वर श्वास सोडते.
"हात धर," म्हणाली. "हे बघ. चौदाशे अठ्ठावन्न."

मी हात धरला. बोटं हळूहळू माझी झाली.

चहा झाला. खत तिने पावाच्या डब्यात ठेवलं.
निघताना दारात तिने विचारलं,
ते सेहेचाळीस नेमके कसले होते?
कुरियर आणि प्रती, मी म्हटलं.
"पण कागद तर तू हातानेच आणलास."
मी बूट घालत राहिले.