ळ संपल्यावर

एकशे बारा पानं. कधीच एकशे तेरा नाहीत.
मागे पुढच्या भागाची घोषणा
आणि खाली दंतमंजनाची जाहिरात.
'सातवा ध्रुव', भाग पहिला ते त्रेसष्टावा,
शालिमारच्या फुटपाथवर दीड रुपया,
मुखपृष्ठ फाटलं असेल तर रुपया.

आमच्याकडे टीव्ही नव्हता.
सातपूरच्या कामगार वसाहतीत
शेजारच्या पगारांच्या खिडकीतून बघायचे मी,
रविवारी सकाळी, टाचा उचलून.
ऐन वेळी कुणीतरी पडदा ओढायचं
आणि यान कुठे उतरलं
ते नुसतं ऐकू यायचं.
मग दोन महिने थांबायचं.
दोन महिन्यांनी तेच यान कागदावर उतरायचं,
सावकाश, धुरळा उडवत,
आणि तो पडदा कुणाच्या बापाला ओढता यायचा नाही.

ते लिहिणारे मुरलीधर कोशिरे
आपल्या नाशिकरोडचे, हे फार उशिरा कळलं.
नोटांच्या छापखान्यात मोजणीला होते.
मुंबईहून जाड पाकिटातून संवाद यायचे,
नुसते संवाद:
कप्तान: दार उघड.
टिकम: उघडत नाही.
बाकी सगळं कोशिऱ्यांचं.
दार कशाचं, गंज किती जुना,
पलीकडे कुणी श्वास घेतंय का.
पडद्यावर तीन सेकंदांत उघडलेलं दार
पुस्तकात चार पानं उघडायचं नाही.
मालिका त्यांनी कधी पाहिलीच नाही.
रविवारी सकाळी त्यांची पाळी असायची.

एकतिसाव्या भागात नीळ नावाचा ग्रह आहे.
साठाव्या पानापर्यंत नीळ.
तिथून पुढे एकदम नील.
आम्ही पोरांनी यावर अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली.
विक्रांत पगार म्हणायचा, खरा ग्रह शत्रूनं पळवला,
हा तोतया आहे.
मी म्हणायचे, तिथली माणसं म्हातारी झाली,
त्यांची जीभ वळेना.
भांडण इतकं पेटलं की
पुढचे दोन रविवार खिडकी बंद.

रज्जाक मामू भेटले ते परवा, भद्रकालीत.
खिळे जुळवायचे एके काळी,
आता मुलाच्या लॅमिनेशनच्या दुकानात बसतात.
म्हणाले, "ळ संपला होता, पोरी.
लग्नसराई. सगळे ळ पत्रिकांमध्ये अडकलेले,
बाळू, काळू, मंगळवार, गोरज वेळ.
मालक म्हणाला, आहे तिथे ल टाका, कोण बघतंय.
कोशिरे नाही म्हणाला.
पाळी सुटल्यावर आला, स्टुलावर बसला,
आणि उरलेली बावन्न पानं
पहाटेपर्यंत पुन्हा लिहिली, ळ न वापरता.
नावाला फक्त इलाज नव्हता.
मोजायची सवयच त्याला.
दोनदा मोजून म्हणाला, शून्य."

घरी येऊन मी एकसष्टावं पान काढलं.
शब्दाशब्दावर बोट ठेवत गेले.
खरंच. एकही नाही.
कप्तानाला नेत्र आहेत.
वर नभ आहे, समय आहे, आणि शत्रू
निकट येतो, निकट येतो, निकट येतो.
वेलीवर द्राक्षं आहेत,
थेट दिंडोरीच्या बागेतली, तारेवर चढवलेली.
मी तेव्हा हे वाचून नुसती घाबरले होते,
ही माणसं अशी का बोलतात म्हणून.
पाठ्यपुस्तकासारखी, जरा थांबून,
काहीतरी हरवल्यासारखी.

मुंबईत म्हणे त्या फिती पुसून
वर क्रिकेटचे सामने भरून टाकले.
पगारांच्या घरात आता दुसरं कुणी राहतं.
कोशिरे गेले, दोन वर्षं झाली,
पेपरात चार सेंटिमीटर.
एकशे बाराव्या पानावर यान उडतं.
टिकम विचारतो, परत येऊ ना इथे?
कप्तान म्हणतो, येऊ.
आधी त्याचं नाव परत येऊ दे.

खाली दंतमंजनाची जाहिरात.