निळा, बहुधा

हॅलिफॅक्सला, चर्चच्या हॉलमध्ये,
महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी टेबल मांडतो.
बुटांच्या खोक्यांत नटनट्या,
दाटीवाटीनं उभ्या, आडनावांप्रमाणे.
गिऱ्हाइकं नावं विचारतात.
नाव मोठं तर किंमत मोठी,
मागे शाईची सही असेल तर वर दहा पौंड.

थर्झा मर्गट्रॉइड नाव विचारत नाही.
तिची चाळीस वर्षं गिरणीत गेली,
विणीतल्या गाठी बोटांनी वेचण्यात.
ती भिंग काढते
आणि चेहऱ्यावर न थांबता खाली उतरते.

"हीच बाही," म्हणाली एकदा.
मिस ऑगस्टा थ्रिंग, राणीच्या वेशात,
कागदी लगद्याच्या खडकाला टेकून.
कोपराशी रफू,
घाईचा, उलट्या कलाचा.

झगा नाटकातला नव्हताच.
ब्रॅडफर्डच्या त्या स्टुडिओत खुंटीवर असायचा,
येईल तिला चढवायचा,
पाठीमागून टाचण्यांनी आवळायचा.
मग मानेमागे लोखंडी टेकू,
आठ आकडे होईतो श्वास धरायचा.
समोरून सम्राज्ञी.

सतरा कार्डं जमली थर्झाकडे.
राणी, विधवा, जलपरी, पुन्हा विधवा.
क्रम तिनं झालरीवरून लावला:
कोरी, विरलेली,
मग घेर कापून दंड घातलेली.

रंग कोणता असेल, मी विचारलं.
त्या काळच्या काचेला
तांबडं काळं दिसायचं, निळं पांढरं.
"निळा," ती म्हणाली,
आणि जरा वेळानं, "बहुधा."

गेल्या मार्चमध्ये पौंडाच्या खोक्यात
एक पोरगं सापडलं. नट वगैरे नाही,
कुणा वाण्याचं असेल, गालफुग्या,
खुर्चीवर बसवलेलं, हललेलं,
दोन नाकं आलेलं.
स्टुडिओ तोच.
मी ते बाजूला ठेवलं, बुडाखालच्या उशीसाठी.

थर्झानं भिंग लावलं.
हॉलमध्ये चहाची भांडी वाजत होती,
कुणीतरी सर्कशीतल्या बुटक्यांचे फोटो मागत होतं.
ती उशीच्या काठाकाठानं गेली,
एक बाजू, दुसरी,
कोपऱ्यावर थांबली.

"डावरी," म्हणाली.
"तोवर कामावर होती म्हणजे."

मला वाटत होतं ती झगा जमवतेय.

पैसे नको म्हटलं तर रागावली.
पौंडाचं नाणं टेबलावर आपटलं,
कार्ड पिशवीत, लोकरीच्या गुंड्यांमध्ये,
आणि पाच वाजून दहाची बस
धावत नाही म्हणता म्हणता धावत गाठली.