सबनीस वगळून

करारातलं नववं कलम मी टाइप केलं,
वादी कबीरला, टायरच्या गोदामावरच्या ऑफिसात,
रात्री पावणेअकराला, एसी बंद पडलेला.
'हा संघ कुणालाही विकता येईल,
मोरेश्वर सबनीस वगळून.'
परकारशेठ म्हणाले, नाव ठळक कर.
केलं.

दोघं एकाच वर्षी मस्कतला उतरले,
एक दापोलीचा, एक मिरजेचा.
हमरियाच्या खोलीत दोघांत एक गादी,
दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा व्हायचा,
उशीला अजून आधीच्या डोक्याची ऊब.
पुढे टायर एकाचे झाले, ट्रक दुसऱ्याचे,
आणि कबड्डीचा संघ दोघांचा.
शुक्रवारी हॉलमध्ये मॅट अंथरली
की बूट काढून कडेला बसायचे,
चाळीस-चाळीस माणसांना पगार देणारे हे दोघे,
आणि हिंदुराव चढाईला निघाला
की मांडीवर थापा मारायचे. एकमेकांच्या.

बिनसलं कशावरून म्हणाल, तर खुर्चीवरून.
अंतिम सामना, वकिलातीतले साहेब आलेले,
पहिल्या रांगेत खुर्च्या अकरा, माणसं बारा.
सबनीस उठून मागे बसले. हसत.
ते हसणं काही शेठना विसरता आलं नाही,
आणि ती मागची रांग सबनिसांना.
पुढच्या हंगामात जर्सीच्या पाठीवरून ट्रकचं नाव गेलं.
मग परकारांच्या लेकीच्या लग्नातला आहेर
न उघडता परत आला,
माझ्याच हातून परत गेला,
वजनावरून चांदी असावी.

कबड्डीत तीस सेकंद असतात.
जायचं, शिवायचं, दम असेतो मागे फिरायचं.
आणि बाद झालेला कायमचा बाद नसतो,
कडेला बसतो, कुणीतरी गडी मारून आला की
पँट झटकत पुन्हा आत येतो.
मला वाटायचं, मालकांनी निदान आपला खेळ तरी पाहिला असेल.

सबनिसांनी मधल्या माणसाकरवी बासष्ट हजार रियाल बोलले.
सोहारच्या बर्फ कारखानेवाल्याने एकोणचाळीस.
शेठनी एकोणचाळीस घेतले.
तेवीस हजारांची वजाबाकी मी दोनदा केली,
हिशेबनिसाची खोड,
आणि विचारलं, हे कुठल्या खात्यावर टाकू?
शेठ खिडकीकडे बघत म्हणाले, जाहिरात.

बर्फवाल्याला लीगमधली जागा हवी होती, पोरं नकोत.
त्याची स्वतःची येणार होती, रोहतकची.
आमचे कागदोपत्री स्टोअरकीपर, फोर्कलिफ्टवाले, एक तर माळी,
व्हिसा टायरच्या कंपनीवर.
नोटीस तीस दिवसांची.
अश्फाकने पाकिटावर नाव बरोबर आहे का
तेवढं तपासलं.

सही झाल्यावर शेठनी टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
म्हणाले, नवव्या कलमाची प्रत
त्याच्यापर्यंत पोचेल ना?
पोचेल म्हटलं. मस्कतमध्ये काय पोचत नाही.

त्याच रात्री फोन आला, नंबर ओळखीचा.
सबनीस कलमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.
हिंदुरावचा गुडघा कसा आहे, विचारलं.
मग बराच वेळ नुसता त्यांच्या ट्रकयार्डातला
कुणाचा तरी रिव्हर्सचा हॉर्न.
मी म्हटलं, शेठ समोर बसलेत.
समोर कुणी नव्हतं.

मॅट मोजून द्यायला मी आणि हिंदुराव गेलो.
यादीत तुकडे एकशे तीस,
भरले एकशे एकतीस.
पुन्हा मोजले. तेवढेच.
हिंदुराव म्हणाला, राहू द्या तुमच्याकडं,
लिहिलेलं नाही ते कुणाचंच नाही.
विमान त्याचं पहाटेचं होतं,
गुडघ्याला पट्टा बांधूनच निघाला.

तो तुकडा आता माझ्या वॉशिंग मशीनखाली आहे.
मशीन शेवटच्या फेरीत सगळ्या अंगानं थडथडतं,
पण जागा सोडत नाही.